रॉकेलमध्ये धुतलेलं रबर

मी आज जो काही आहे तो माझ्या दाजींमुळे आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या वर्गात बसलं नव्हतं. मला बी.ए. केलं ते दाजींनी, आणि त्यांना स्वतःला सहीपुरतीसुद्धा अक्षरं येत नव्हती. कुठेही सही करायची वेळ आली की ते डावा अंगठा पुढे करायचे आणि हसून म्हणायचे, "आमची सही कोणाला चोरता येत नाही."

घाटकोपरच्या डोंगरावर, चढणीच्या मध्यावर, त्यांची दहा बाय दहाची खोली होती. त्यात अक्का, दाजी, त्यांच्या दोन मुली. मी गावाहून कॉलेजसाठी आलो आणि पाचवा झालो. पहिल्याच आठवड्यात दाजी म्हणाले, "या कलकलाटात तुझ्या डोक्यात काय शिरणार?" आणि उशी घेऊन खाली गेले. तेव्हापासून ते रस्त्याच्या कडेला आपल्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर झोपायला लागले. उंचापुरा माणूस. पाय दुमडून, गुडघे दाराला टेकवून झोपायचा. चार वर्षं. मी कधी विषय काढलाच तर म्हणायचे, "गाडीलाबी सोबत लागते रे. एकटी ठेवली की रुसते."

पदवी मिळाली त्या दिवशी मला फोटो स्टुडिओत काढायचा होता. दाजींनी ऐकलं नाही. भाड्याचा काळा झगा घालून मला टॅक्सीच्या बॉनेटला टेकून उभं केलं आणि फोटोवाल्यालाच रस्त्यावर बोलावलं. तो फोटो त्यांनी गाडीत, देवाच्या तसबिरीखाली चिकटवला. भाड्याने बसलेल्या कोणीही विचारो न विचारो, ते सांगायचे, "आमचा मेव्हणा. बी.ए. हाय. इंग्लिश पेपर वाचतो."

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे घडलं त्यात हा फोटो आहे आणि ते इंग्लिशही आहे.

मी विलेपार्ल्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो त्याच वर्षातली गोष्ट. टॅक्सी जुनी होती. दुसऱ्याने बारा-तेरा वर्षं हाकून मग दाजींकडे आलेली. पुढच्या डाव्या चाकातून खड्ड्यात खटकन आवाज यायला लागला होता आणि ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखं ऐकू यायचं. दाजींनी एका रविवारी सकाळी काम काढलं. गाडी डोंगरावर चढत नसे, म्हणून जागा ठरलेली होती, पायथ्याशी दूध केंद्राच्या मागची सपाट जमीन. दाजी तिथेच सगळी दुरुस्ती करायचे. गॅरेजला जाणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

त्यांचे हात खरोखर बघण्यासारखे होते. जॅक लावून चाक उचललं, चाकाला वर आणि खाली धरून एकदाच हलवलं आणि म्हणाले, "किंगपिन गेली." किंगपिन म्हणजे ज्या जाड खिळ्याभोवती पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तो खिळा. तो झिजला की चाक आपल्या जागी डगडग करतं. बाहेरून दिसत काहीच नाही. दाजींना ते हाताच्या तळव्याला कळायचं.

समोरच्या चाळीतले एक मालवणी काका स्टूल घेऊन येऊन बसले. गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यापासून त्यांचा दिवस दुसऱ्याची कामं बघण्यात जाई.

"काय रे, गाडयेक ताप इलो काय?"

"ताप नाय काका, संधिवात," दाजी गाडीखालून म्हणाले. "गुडघ्याची वाटी बदलतोय."

"माझी पण बदल मगे. ही बघ, जिना चढताना कशी कुरकुरता."

"तुमचा माल आता मिळत नाय बाजारात. कंपनी बंद झाली."

काका हसले, मीही हसलो. दाजींनी स्प्रिंगला साखळी बांधली, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचं तोंड फोडते. दोन लाकडी ठोकळे खाली सरकवले, जुनी किंगपिन हातोड्याने ठोकून बाहेर काढली. निघायला तासभर लागला. माझं काम पाने हातात देण्याचं आणि निघालेले नट-बोल्ट एका पसरट ताटात रॉकेलमध्ये धुण्याचं.

मग ब्रेकची पाळी आली. चाकाला आतून घासून गाडी थांबवणारे लायनर झिजून पत्र्यापर्यंत आले होते. तेवढे बदलले की झालं असं दाजींना वाटत होतं, पण चाकाच्या आत जो छोटा सिलिंडर असतो, ज्यातलं तेल ब्रेक दाबल्यावर लायनरला ढकलतं, त्यातून तेल झिरपत होतं. आतली रबरं बदलायची होती. रबरांचं खोकं दाजींनी लागलंच तर म्हणून आणून ठेवलेलं होतं. पण ते काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं. ते एवढं एक काम रस्त्यापलीकडचा मिस्त्री करून द्यायचा, आणि मिस्त्री लग्नाला म्हणून महिनाभर गावी गेला होता.

खोक्यात रबरांबरोबर तळहाताएवढा घडीचा कागद होता. दाजींनी तेलकट बोटांच्या चिमटीत धरून तो माझ्यापुढे केला.

"हं, बी.ए., वाच. काय सांगितलंय बघ. तसंच करू."

बारीक इंग्रजी छपाई होती. माझं इंग्रजी परीक्षेपुरतं होतं. धड्यातल्या पात्राचं स्वभावचित्र मी दोन पानं लिहून दिलं असतं. कचेरीतल्या पत्रांचे ठरीव मायने मला पाठ होते. या कागदावरचे निम्मे शब्द मी आयुष्यात पाहिले नव्हते. एक 'क्लीन' तेवढा ओळखीचा. त्याच्या पुढे काहीतरी 'ओन्ली' होतं आणि त्याही पुढे ठळक अक्षरांत एक ओळ होती, तिच्यातलं 'नॉट' मला दिसलं होतं. ते मला दिसलं होतं, हे मी इथे मुद्दाम लिहितो.

दाजी माझ्याकडे बघत होते. काका बघत होते. दूध केंद्राच्या पायरीवर रिकाम्या बाटल्यांच्या जाळ्या घेऊन बसलेले दोघे-तिघे, तेही बघत होते. 'मला कळत नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते. किंवा कागद खिशात घालून सोमवारी कचेरीतल्या कोणाला तरी विचारायचं होतं. एक दिवस गाडी उभी राहिली असती.

"साफ करून बसवा, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"कशात साफ?"

"नेहमीसारखंच. धूळ राहता कामा नये, एवढंच."

दाजींचं तोंड फुललं. "बघा काका. कागद इंग्लिश, पण घरात वाचणारा हाय."

"मगे! फुकट नाय शिकवलंस," काका म्हणाले.

दाजी परत किंगपिनला ग्रीस भरायला वाकले. मी रबरं घेतली. त्यांच्यावर पांढरी भुकटी होती. माझ्यापुढे रॉकेलचं ताट होतं. मी ती एकेक करून त्यात धुतली, भुकटी जाईपर्यंत अंगठ्याने चोळली, आणि निथळायला पेपरवर मांडली. इतक्या मनापासून मी दुसरं कोणतंच काम त्या दिवशी केलं नसेल. मग सिलिंडरही आतून रॉकेलच्या फडक्याने पुसून दिला. दाजींनी सगळं बसवलं.

शेवटी मी ड्रायव्हरच्या जागी बसलो, दाजी चाकाशी. ते "दाब" म्हणाले की मी ब्रेक दाबायचा, ते नट सैल करून हवा जाऊ द्यायचे, नट आवळून "सोड" म्हणायचे. वीस-पंचवीस वेळा झालं. ब्रेक दगडासारखा घट्ट लागला. अक्का वरून हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आली. दरवेळी नारळ दाजी फोडायचे. त्या दिवशी माझ्या हातात दिला. "आज साहेबांनी काम केलंय," दाजी म्हणाले.

तीन-चार दिवसांनी जेवताना दाजी म्हणाले, गाडी ब्रेक मारला की किंचित डावीकडे ओढते. मी विचारलं, "का हो?" म्हणाले, "नवी किंगपिन हाय. बसंल हळूहळू." त्यांनी पुन्हा ग्रीस भरलं. आणखी दोन दिवसांनी ते म्हणाले, डावं चाक तापतंय. तेव्हाही त्यांनी आपल्याच कामाकडे पाहिलं. मी रबर धुतलं त्याची मला आठवणसुद्धा झाली नाही.

दहाव्या दिवशी अंधेरीहून रिकामे परत येताना असल्फ्याजवळच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि डावं चाक धरलं ते धरलंच. गाडी गर्रकन डावीकडे वळून दगडी भिंतीवर गेली. पुढचा भाग आत दबला. पाय त्यात अडकला. लोकांनी पहारीने पत्रा वाकवून त्यांना काढलं.

उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. मला पाहून पहिलं वाक्य पायाबद्दल नव्हतं. "किंगपिन माझ्या हातनं वाकडी बसली रे," ते म्हणाले. "स्टिअरिंग हातातून गेलं. मला आधीच कळायला पाहिजे होतं." भेटायला येणारा प्रत्येक टॅक्सीवालाही तेच म्हणायचा, दाजींच्या तोंडावर नाही, पण जिन्यात. भिंतीवर आपटून ते चाक आडवं झालं होतं, किंगपिन मोडली होती. बघणाऱ्याला दुसरं काय दिसणार? "घरी पाने चालवायची हौस," एकजण म्हणाला. "गॅरेजला नेली असती तर पाय राहिला असता."

मिस्त्री गावाहून परतला. मोडकी गाडी त्याच्या दारात आणून टाकली होती, सुटे भाग निघतील ते काढायला. एका संध्याकाळी कचेरीतून येताना त्याने मला हाक मारली.

"इकडे या जरा. हे बघा." त्याने ब्रेकचा सिलिंडर उघडला होता. आतलं रबर त्याने स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून तळहातावर ठेवलं. दीडपट फुगलं होतं, कडा मऊ पडून लोळत होत्या. त्याने नाकाशी नेलं. "रॉकेल. कोणी पाजलं याला रॉकेल? वाट लावली. फुगून सिलिंडरमध्ये अडकलंय, ब्रेक सुटणार कसा?" मग माझ्याकडे बघून, "किंगपिन एकदम बरोबर बसवलीय. अशी मला पण जमत नाही. हे रबर कोणी बसवलं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

रबर फडक्यात पुसून त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मिस्त्री आठवड्याभरात दाजींना भेटायला जाईल आणि सगळं सांगेल, या धास्तीत मी ते दिवस काढले. तो गेलाही. पण त्याला वाटलं घरातलं काहीतरी आहे, आपण कशाला बोला. मला हे त्यानेच नंतर कधीतरी सांगितलं.

दोन महिन्यांत खोली दुसऱ्याला देऊन दाजी, अक्का आणि मुली आमच्याच गावी गेले. मी जोगेश्वरीला दोघांबरोबर एका खोलीत राहायला लागलो. रबरांबरोबरचा तो कागद त्या रविवारपासून माझ्या डिक्शनरीत होता. एक एक शब्द काढून मी तो वाचला. अर्धा तास लागला. रविवारच्या त्या सकाळी अर्धा तास माझ्यापाशी नव्हता असं नाही.

मी दाजींना पत्र का लिहिलं नाही, हे आमच्या गावची रीत सांगितल्याशिवाय कळायचं नाही. दाजींना वाचता येत नव्हतं, अक्कालाही नाही. गावात पोस्टमन सायकल लावून विकास सोसायटीच्या ओट्यावर बसायचा आणि ज्याचं पत्र असेल त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. आजूबाजूला दहा माणसं बसलेली असत आणि उठून जाण्याचा शिष्टाचार नव्हता. माझं पत्र असलं तर जास्तच लोक थांबत, कारण मी गावचा पहिला बी.ए. त्या ओट्यावर माझे वडीलही बसत. म्हणजे मी जे लिहीन ते आधी गाव ऐकणार. म्हणून मी दर महिन्याला 'इकडे सर्व क्षेम, तब्येतीस जपावे' एवढं लिहीत राहिलो. दीड वर्ष.

मग अक्काचं पत्र आलं, अर्थात पोस्टमनच्या अक्षरात. तिने लिहवून घेतलं होतं की यजमान कशाला हात लावत नाहीत. विहिरीवरच्या पंपाचा नट ढिला झाला, शेजारच्याने पाना आणून दिला, तर म्हणाले, माझ्या हातावर विसंबू नका, मी स्वतःचा पाय घालवलाय. गावात एकाने ट्रॅक्टर घेतला आहे, त्याच्याकडे बसून करण्यासारखं काम आहे, पण तोही म्हणतो, टॅक्सी भिंतीवर घातली त्याच्या हाती मशीन कसं द्यायचं? पत्राच्या शेवटी होतं, 'ते दिवसभर हात मांडीखाली घेऊन बसतात. तू काहीतरी लिही. तुझं ते ऐकतात.'

मी पत्र लिहिलं. ते पोचलं, वाचलं गेलं. वडील माझ्याशी पुढे बराच काळ बोलले नाहीत. दाजींनी त्या पत्राबद्दल माझ्याजवळ कधीच शब्द काढला नाही, ना रागाचा ना दुसरा. दाजी वारल्यावर अक्काने त्यांच्या ट्रंकेतून ते पत्र मला परत दिलं. घड्यांवर फाटलं आहे, आणि एका कडेला ग्रीसचं काळं बोट उमटलेलं आहे. ते केव्हाचं, मी अक्काला विचारलं नाही. पत्र असं आहे:

पोस्टमनदादांस नमस्कार. हे पत्र दाजी ओट्यावर आल्याशिवाय वाचू नये. त्यांना निरोप पाठवून बोलवावे. ट्रॅक्टरवाले असतील तर त्यांनाही थांबवावे. माझे वडील तिथे असतील, तरी एकही ओळ गाळू नये. सावकाश वाचावे.

तीर्थस्वरूप दाजी यांस साष्टांग नमस्कार.

तुमचा पाय माझ्यामुळे गेला. तुमच्या हातामुळे नाही. किंगपिन तुम्ही बसवलीत ती बरोबर होती. मिस्त्रीने गाडी उघडली तेव्हा माझ्यासमोर सांगितलं, अशी त्यालाही जमत नाही. ती भिंतीवर आपटल्यावर मोडली, आधी नाही. गाडी डावीकडे ओढत होती आणि चाक तापत होतं ते ब्रेकच्या रबरामुळे. ते रबर मी धुतलं होतं, तुम्ही नाही.

तुम्ही मला कागद वाचायला दिलात. मला तो कळला नव्हता. तुमच्यासमोर आणि काकांसमोर कळला नाही म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी मनाचं सांगितलं. त्या कागदावर असं लिहिलं आहे की ही रबरं फक्त ब्रेकच्याच तेलात धुवावीत, रॉकेल, पेट्रोल किंवा इंजिनचं तेल यांचा थेंबही लागू देऊ नये, लागल्यास रबर फुगून ब्रेक अडकतो. मी ती रॉकेलमध्ये धुतली. सिलिंडरही रॉकेलने पुसला. कागद या पत्रात घातला आहे, त्याच्या मागे मराठीत लिहून दिलं आहे. पोस्टमनदादांनी तोही वाचावा.

हे मला तुम्ही इस्पितळात होता तेव्हाच कळलं होतं. मिस्त्रीने विचारलं तेव्हा मी माहीत नाही म्हणालो. तुम्ही माझ्या तोंडावर स्वतःला दोष देत होता आणि मी तुमच्या उशाशी मोसंबी सोलत बसलो होतो. दीड वर्ष मी गप्प राहिलो, कारण पत्र ओट्यावर वाचलं जाईल आणि गाव मला काय म्हणेल ही भीती होती. आता मला ते ओट्यावरच वाचलं जायला हवं आहे, कारण तुमचा हात चुकला असं गावात बोललं जातं, ते खोटं आहे आणि ते खोटं माझ्या गप्प बसण्याने चाललं.

माफी मागत नाही. ती कोणत्या तोंडाने मागू? पाय मला परत देता येत नाही. तुमच्या हातांबद्दल जे खरं आहे तेवढं देता येतं, ते देतो.

गाडीतला माझा फोटो मिस्त्रीने काढून ठेवला होता. तो माझ्यापाशी आहे. तुमच्याकडे पाठवण्याचं धैर्य नाही.

पंपाचा नट आवळून बघा. चाकाला हात लावून तुम्हाला जे कळायचं ते मला इतकी वर्षं शिकून कधी कळलं नाही.

अक्कास नमस्कार, मुलींस आशीर्वाद. वडिलांस काय लिहावे कळत नाही.

तुमचा मेहुणा